कॉलेज पाहायला कोल्हापूरला

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळायला जातात, कुस्त्या पाहायला जातात, चपला घ्यायला जातात आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला तर जातातच जातात. आम्ही गेलो ते कॉलेज पाहायला! पूर्वी घरातली वडील मंडळी मुलगी पाहायला परगावी जात. हल्ली मुलीला बरोबर घेऊन कॉलेज पाहायला जातात. कांदेपोहे मिळत नाहीत, एवढाच काय तो फरक. बाकी पसंती, नापसंती, देण्याघेण्याचा हिशेब आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे न मागितलेले सल्ले, सारे तसेच.

गोष्ट गेल्या वर्षीची. माझी भाची डोंबिवलीला बारावीत शिकत होती. मार्क बरे पडत, गणित चांगले. तेव्हा ती कॉम्प्युटरला जाणार हे घरात सर्वांनी गृहीतच धरले होते. एका रविवारी जेवताना तिने जाहीर केले, "मला पर्यावरणाचं नाहीतर ऊर्जेचं इंजिनिअरिंग करायचंय."

माझे मेहुणे बँकेत आहेत. ते आमटीची वाटी खाली ठेवून म्हणाले, "झाडं लावायला इंजिनिअर कशाला लागतो?"

बहिणीने त्याहून अवघड प्रश्न विचारला, "आणि मग नोकरी?"

भाचीचे उत्तर तयार होते. 2020 च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. मुख्यमंत्री पाहून गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले. तेव्हा ती शाळेत होती. "सगळे रस्ता बघायला गेले बाबा," ती म्हणाली, "पण तो परत काळा कसा करायचा आणि पुन्हा गुलाबी होऊ नये म्हणून कारखान्यात काय बसवायचं, हे सांगणारं कुणीतरी असेलच ना? मला ते व्हायचंय."

मेहुणे निरुत्तर झाले. पण बाप निरुत्तर झाला म्हणून राजी होतो असे नाही. त्यांनी तिच्याकडून कॉलेजांची यादी मागितली. यादीत मुंबईच्या आयआयटीतला ऊर्जेचा विभाग होता, धनबादच्या आयआयटीतली पर्यावरण अभियांत्रिकी होती, दिल्लीचे तंत्रविद्यापीठ होते, अहमदाबादचे एल. डी. कॉलेज होते आणि सर्वांत शेवटी कोल्हापूर होते. आयआयटीसाठी जेईईचा डोंगर चढायचा. परराज्यातल्या सरकारी संस्थांत बहुतेक जागा तिथल्याच मुलांसाठी राखलेल्या. दिल्लीच्या त्या विद्यापीठात तर शंभरातल्या 85 जागा दिल्लीकरांच्या! राज्याच्या सीईटीतून मिळण्यासारखे आणि घरापासून एका रात्रीवर असलेले ठिकाण म्हणजे कोल्हापूर. "तुझं बालपण गेलंय तिकडे. तूच ने तिला," बहीण मला म्हणाली. दिवाळी आटोपताच मामा-भाची निघालो.

कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. सकाळी जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना उसाचे तुरे डोलत होते. रुकडी मागे पडली आणि गाडी पुलावर धडधडू लागली. खाली पंचगंगा. मी सवयीने हात जोडले. भाचीने खिडकीतून वाकून पाहिले आणि विचारले, "मामा, हिचं पाणी प्यायचं असतं की नसतं?"

पुढचे दोन दिवस आम्ही एका परीने याच प्रश्नाचे उत्तर शोधत हिंडलो.

सामान लॉजवर टाकले आणि थेट पंचगंगेचा घाट गाठला. सकाळचे कोवळे ऊन दगडी पायऱ्यांवर पसरले होते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम. तिथून सुमारे 80 किलोमीटर वाहत जाऊन ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. हे सारे मी भाचीला मोठ्या ऐटीत सांगत होतो. शेजारच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ धोतराचा सोगा पिळत बसले होते. त्यांनी विचारले, "काय पाव्हणं, कुठनं आलासा?"

मी सांगितले. कशासाठी आलो तेही सांगितले. म्हाताऱ्याने भाचीकडे जरा निरखून पाहिले. "बरं करालीस पोरी," ते म्हणाले. "आमच्या ल्हानपणी ह्याच पाण्यानं चूळ भरून आमी शाळंत जायचो. आता नातू पाण्यात उतरला की सून त्याला घरात नेऊन पुन्हा आंघूळ घालती."

आंघोळीवर आंघोळ! प्रदूषणाची याहून सोपी व्याख्या मी कोठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कामात घालवलेले माझे एक स्नेही कोल्हापुरात राहतात. निवृत्त झाले, पण स्कूटर आणि उत्साह दोन्ही शाबूत. ते दुपारी रिक्षा घेऊन आले आणि भाचीला म्हणाले, "कॉलेज उद्या बघ. आज गाव बघ. डॉक्टर व्हायचं तर आधी पेशंट बघायला नको?"

त्यांनी आधी दाखवला जयंती नाला. मूळची ही जयंती नदी. गाव वाढत गेले, घराघरांची मोरी तिच्यात येत गेली आणि लोकांच्या तोंडी नदीचा नाला झाला. नाव बदलायला कोणी ठराव केला नाही. वासानेच ते काम केले. आता या नाल्याचे पाणी अडवून, पंपाने उचलून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. त्या केंद्राची क्षमता दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटर. दुधाळी नाल्यासाठी 1 कोटी 70 लाख लिटरचे दुसरे केंद्र आहे.

"काका, म्हणजे नदी स्वच्छ झाली?" भाचीने विचारले.

"पुष्कळ सुधारली. पण झाली म्हणू नकोस. केंद्रापर्यंत पोचलेलं पाणी स्वच्छ होतं. न पोचलेलं तसंच जातं. काठावरची गावं आहेत, कारखाने आहेत. आणि पंप बंद पडला तर?" मग त्यांनी तिला ते सारे यंत्र समजावून दिले. आधी जाळीत कचरा अडवायचा, मग वाळू बसू द्यायची, मग पाण्यात हवा घालायची. ही हवा माणसांसाठी नव्हे, जंतूंसाठी. ते जंतू घाण खाऊन वाढतात. त्यांचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी सोडतात. हेच काम जंतूंनी नदीत केले, तर ते नदीतला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. घाण खायला किती प्राणवायू लागेल, त्या मापालाच बीओडी म्हणतात. "आता सांग," काका म्हणाले, "या केंद्राचा मोठा खर्च कशाचा असेल?"

"औषधांचा?"

"विजेचा! हवा घालणारी यंत्रं रात्रंदिवस चालतात. वीज वाचवली नाही तर नगरपालिकेला केंद्र चालवणं जड जातं आणि केंद्र थांबलं तर घाण नदीत. तू पर्यावरण की ऊर्जा म्हणून घरी भांडतेस ना? अगं, ती दोन नावं आहेत. काम पुष्कळदा एकच असतं."

यात थट्टेचा विषय नाही, हे काकांनी पुढे सांगितले तेव्हा आम्ही दोघे गप्प झालो. पंचगंगेच्या खालच्या अंगाला कापडाच्या मागांचे गाव इचलकरंजी. तेथे 2012 साली काविळीची मोठी साथ आली. पाण्यातून पसरलेली कावीळ. दवाखाने भरून गेले, माणसे दगावली. वरच्या गावाची मोरी आणि खालच्या गावाचा माठ यांत अंतर असते ते फक्त एका इंजिनिअरच्या कामाचे.

आणि कोल्हापूरचे स्वतःचे काय? काठावर नदी असूनही या शहराने पिण्याचे पाणी थेट काळम्मावाडीच्या धरणातून, सुमारे 53 किलोमीटर नळ टाकून आणले. वर्षानुवर्षे वाट पाहिलेले ते पाणी 2023 च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत शहराच्या वेशीवर पोचले. लोकांनी त्या पाण्याने अभ्यंगस्नान केले, फटाके वाजवले. आनंद खराच होता. पण भाची म्हणाली, "दारात नदी आणि पाणी 53 किलोमीटरवरून! कॉलेजच्या माहितीपुस्तकात हे आधी छापायला हवं." सकाळी पुलावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी विद्यापीठात गेलो. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. इतिहासाचे गाढे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. तेव्हा हा सारा माळ होता. आज साडेआठशे एकरांच्या त्या आवारात झाडी आहे, मोर आहेत, आणि मुख्य म्हणजे तळी व विहिरी आहेत. माळावर पडणारा पाऊस वाहून जाऊ न देता येथेच साठवायचा, असा विद्यापीठाचा परिपाठ. पर्यावरणाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत पाण्याचा टँकर उभा दिसला, तर पालकांनी जरा विचार करावा, असे मला तेथे वाटून गेले.

तेथेच एक घोटाळा उलगडला. पर्यावरणशास्त्र वेगळे आणि पर्यावरण अभियांत्रिकी वेगळी. पहिली विज्ञानाची पदवी. पाण्यात काय बिघडले ते ती शोधते. दुसरी तंत्राची, बिघाड दुरुस्त करणारी टाकी, नळ आणि यंत्र ती उभे करते. दोन्हींची गरज आहे, पण प्रवेशाच्या वाटा निराळ्या आणि पुढच्या नोकऱ्याही निराळ्या. अर्ज भरताना ही गल्लत पुष्कळ घरांत होते.

दुपारी गोकुळ शिरगावला गेलो. तेथील के. आय. टी. म्हणजे कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालचे. पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी देणारी महाविद्यालये महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत हे जुने. अलीकडे त्या शाखेचे नाव 'स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी' असे जोडनाव झाले आहे. भाची जरा हिरमुसली. "निव्वळ पर्यावरण नाही?" तिने विचारले.

काका हसले. "तुझ्या वडिलांना हेच आवडेल बघ. नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या नोकरीच्या जाहिराती काढून बघ. पुष्कळ ठिकाणी 'स्थापत्य' हा शब्द असतो. तो पदवीत नसेल तर दाराशीच अडवतात. अठराव्या वर्षी वाट फार अरुंद करू नये. पाया रुंद घे; कळस एम. टेक. ला चढव." मग त्यांनी पुढचा नकाशा मांडला. सांगलीचे वालचंद कॉलेज 1947 चे, येथून तासा-दीड तासावर. तेथे पर्यावरण अभियांत्रिकीत एम. टेक. करता येते. 'गेट' परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे; ती उत्तम दिली तर आयआयटीचे दार पुन्हा उघडते. नागपूरला 1958 साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था, जिला आपण 'नीरी' म्हणतो, ती संशोधनाची मोठी जागा. आणि ऊर्जेकडे वळायचे असेल, तर 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या कारखान्यांना ऊर्जेचा हिशेब ठेवायला लावले आहे. तो तपासणाऱ्या ऊर्जा लेखापरीक्षकांची सरकारी परीक्षा कुठल्याही शाखेच्या इंजिनिअरला पुरेशा अनुभवानंतर देता येते.

"लेखापरीक्षक!" मी म्हटले. "मेहुण्यांना हा शब्द पटेल."

परतताना काकांनी रिक्षा एका गुऱ्हाळाकडे वळवली. हंगाम नुकताच सुरू झाला होता. काहिलीत रस रटरटत होता, गुळव्या मळी काढत होता आणि चुलवाणात एक गडी वाळलेली चिपाडे सारत होता. ज्या उसाचा रस, त्याच उसाचे जळण; बाहेरून लाकूड नको की कोळसा नको. आमचे आजोबा याला काटकसर म्हणत. भाची मात्र धुराड्याकडे पाहत होती. काळा धूर निघत होता.

"धूर म्हणजे काय गं?" काकांनी विचारले.

"न जळालेलं जळण," ती म्हणाली.

"शाबास! साखर कारखान्यात हेच चिपाड मोठ्या भट्टीत जाळतात, भारी दाबाची वाफ करतात, त्या वाफेवर आधी वीज काढतात आणि मग उरलेल्या वाफेनं रस आटवतात. स्वतःची गरज भागवून वीज विकतात. गुऱ्हाळात ती उष्णता धुराड्यातून आभाळात जाते. चुलवाण जरा सुधारलं तरी जळण वाचतं. उद्यमनगरात जा, तिथं भट्टीत लोखंड वितळवतात आणि विजेचं बिल बघून मालक वितळतो. ह्या गावात ऊर्जेची प्रयोगशाळा बांधायला नको. गावच प्रयोगशाळा आहे."

गुळव्याने गरम गुळाचा गोळा पानावर दिला. भाचीचे बोट भाजले, तरी तिने खाल्ला.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो. या शहरात शिकायला बाहेरगावची मुले का येतात, याचे एक जुने उत्तर आहे. छत्रपती शाहू महाराजांनी 1901 पासून येथे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. मराठा, जैन, मुसलमान, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेले, साऱ्यांच्या मुलांना राहायला छप्पर आणि पोटाला भाकरी मिळाली. खेड्यातला मुलगा बुद्धीने कमी नसतो, त्याची शाळा राहण्याजेवण्यावाचून अडते, हे त्या राजाने ओळखले होते. त्यांनीच राधानगरीला भोगावतीवर धरणाचे काम काढले. ते महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही; 1922 साली ते गेले आणि धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आज पावसाळ्यात धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि पायथ्याशी वीज तयार होते. वसतिगृह आणि धरण! ज्याने मुलांच्या शिक्षणाची सोय केली त्यानेच पाण्याची आणि पुढच्या विजेचीही तजवीज केली. पण निसर्ग राजाचेही ऐकत नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची खूण 43 फुटांना आहे. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले. नदीला कमी पाणी झाले तर घाण, जास्त झाले तर पूर. हे दोन्ही ज्यांना सोडवायचे आहे, त्यांनी या गावी शिकायला काय हरकत?

तेथे बसूनच आम्ही मेहुण्यांसाठी प्रश्नांची यादी केली. वाचकांपैकी कोणाच्या घरी हाच विषय निघाला असेल, तर त्यांनाही ती उपयोगी पडावी. पदवीचे नाव काय, आणि त्या नावाने कोणत्या नोकऱ्यांना अर्ज करता येतो? त्या शाखेला एनबीएची मान्यता आहे का? (नॅकचा शेरा साऱ्या संस्थेला असतो, एनबीएचा त्या त्या शाखेला, पालक पहिला पाहतात आणि दुसरा विसरतात.) संस्था स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम शेवटचा केव्हा बदलला? प्रयोगशाळेतली यंत्रे मुले स्वतः हाताळतात, की काचेच्या कपाटातून त्यांचे दर्शन घेतात? मुलींच्या वसतिगृहात जागा आहे का? तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज काय करतात? हा प्रश्न कार्यालयात न विचारता त्या मुलांनाच विचारावा. आणि शेवटचा प्रश्न, तो भाचीने घातला: या गावाची घाण कोठे जाते, हे मुलांना नेऊन दाखवतात का?

घरी आल्यावर मेहुण्यांनी यादी दोनदा वाचली. ते म्हणाले, "हे प्रश्न कॉम्प्युटरच्या कॉलेजालाही विचारायला हवेत." नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. कर्ज त्यांना काढायचे होते, मुलगी त्यांची दूर जाणार होती; गप्प बसण्याचा त्यांना अधिकार होता. मग म्हणाले, "परीक्षा तर दे. पसंतीक्रम तू लिही. मी सही करीन."

जेईईचा डोंगर काही पुरता चढता आला नाही. सीईटी मात्र चांगली गेली. यंदाच्या प्रवेशाच्या वेळी तिने पसंतीक्रमात पहिले नाव कोल्हापूरचे लिहिले आणि ते मिळाले. स्टेशनवर तिला पोचवायला आलेल्या बहिणीचे डोळे भरून आले. मेहुणे मात्र हमालाशी सामानाच्या दरावरून हुज्जत घालत होते. त्यांची हुज्जत नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली, एवढे मी पाहिले.

परवा दिवाळीच्या सुटीला भाची घरी आली. पिशवीत गुळाची ढेप होती. मेहुण्यांनी विचारले, "मग? किती नदी साफ केलीस?"

"अजून काही नाही बाबा," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी गणित, पदार्थविज्ञान आणि ड्रॉइंग. नदी लांब आहे अजून."

मेहुणे खो खो हसले. मग उठून त्यांनी देव्हाऱ्यातले निर्माल्य पिशवीत भरले आणि नेहमीप्रमाणे खाडीवर टाकायला निघाले. दारापर्यंत गेले, थबकले, मागे वळून लेकीकडे पाहिले आणि पिशवी मुकाट्याने गॅलरीतल्या कुंडीशी नेऊन ठेवली.